फ्री मेथडिस्ट मंडळी मेथडिस्टांतून वेगळी काऊन झाली? कोनाले माहीत असन तर सांगा

बाभूळगाव_वाला

सलाम मंडळी. लय दिवसाचा प्रश्न आहे, आज टाकतोच. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, आजोबाच्या आधीपासून फ्री मेथडिस्ट. आता घरातल्या पोरीचं लग्न जुळून रायलं नागपूरकडच्या मेथडिस्ट घरात. बोलणीच्या वेळेस तिकडच्या मामानं सहजच विचारलं की तुम्ही बी मेथडिस्ट, आम्ही बी मेथडिस्ट, मंग तुमची कॉन्फरन्स वेगळी, बिशप वेगळा, हे काऊन? आमच्याकडून कोनालेच धड सांगता आलं नाही. काकाजी म्हणे मिशनरी लोकांचं इकडं आल्यावर आपसात पटलं नाही म्हणून वेगळे झाले. दुसरे म्हणे नाही, अमेरिकेतच झालं, आपले लोक लय कडक होते, दागिने नाही, बाजापेटी नाही, दारू-तंबाखू तर नाहीच नाही, म्हणून त्याईले काढून टाकलं.

खरं काय आहे? कधी झालं, कोनी केलं, भांडण नेमकं कशावरून? लग्नासाठी नाही विचारून रायलो, ते जुळलंच आहे. पण दर रविवारी ज्या मंडळीत बसतो तिचं मूळच आपल्याले माहीत नसावं हे मले बरं नाही वाटत. आमच्या पोट्ट्यांनी उद्या विचारलं तर काय सांगू?

दिग्रसचे_गुरुजी

सलाम भाऊ. चांगला प्रश्न विचारला तुम्ही. काकाजींना सांगा, इकडं आल्यावर काही फुटलं नाही. सगळं अमेरिकेत झालं, तेही आपल्याकडं पहिले मिशनरी यायच्या वीसेक वर्षं आधी. तारीख 23 ऑगस्ट 1860, जागा न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला नायगरा काउंटीतलं पेकिन नावाचं लहान गाव. मुख्य माणूस बेंजामिन टायटस रॉबर्ट्स, जन्म 1823 चा. आधी वकिली शिकत होता, मग ती सोडून सेवेत आला, 1848 मध्ये कनेटिकटमधल्या वेस्लियन युनिव्हर्सिटीतून पदवी घेतली आणि जेनेसी कॉन्फरन्समध्ये पाळक झाला. कॉन्फरन्स म्हणजे एका भागातल्या मंडळ्यांचं संघटन आणि त्यांची सभा, आणि जेनेसी म्हणजे त्याच पश्चिम न्यूयॉर्कचा भाग.

पण भांडण समजायचं असेल तर वेस्लीपासून यावं लागते. जॉन वेस्ली इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचा पाळक, मरेपर्यंत अँग्लिकनच राहिला. 1739 पासून तो ब्रिस्टलजवळच्या कोळसा खाणीतल्या मजुरांपुढं उघड्या मैदानात उपदेश करू लागला, कारण ते लोक कधी चर्चच्या दारात येत नव्हते आणि चर्च त्यांच्या दारात जात नव्हतं. 1743 मध्ये त्यानं आपल्या मेळाव्यांसाठी नियम काढले, वाईट टाळा, भलं करा, उपासना-प्रार्थना सोडू नका. त्या वाईटाच्या यादीत दारूही होती आणि सोनं-नाणं, भारी कपड्यांचा दिखावाही होता. म्हणजे दागिन्यांचा कडकपणा रॉबर्ट्सनं नवीन काढला असं नाही, तो वेस्लीचाच होता. अमेरिकेत मेथडिस्ट मंडळी रीतसर उभी झाली ती 1784 च्या नाताळात बाल्टिमोरला, कोक आणि ॲस्बरी हे तिचे पुढारी.

आता पुढचं नीट वाचा. सुरुवातीला अमेरिकेतले मेथडिस्ट म्हणजे गरीब माणसं, पाळक घोड्यावर बसून गावोगाव फिरणारे. साठ-सत्तर वर्षांत ती तिथली सर्वात मोठी प्रोटेस्टंट मंडळी झाली, पैसा आला, मान आला, दगडी इमारती आल्या, आणि इमारतीसोबत कर्जही आलं. रॉबर्ट्सनं 1857 मध्ये एका वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचं नाव न्यू स्कूल मेथडिझम. म्हणणं असं की आपल्यातले काही पाळक आता पवित्रीकरण शिकवत नाहीत, म्हणजे विश्वास ठेवल्यावर देव माणसाचं मन पुरतं शुद्ध करू शकतो ही वेस्लीची शिकवण बाजूला पडली, प्रार्थनासभांच्या जागी मेजवान्या आणि करमणूक आली, आणि पैसेवाल्यांच्या मर्जीनं चर्च चालून राहिलं. लेख झोंबला. त्याच वर्षी ले रॉय इथं कॉन्फरन्स भरली तिच्यात त्याच्यावर आरोप ठेवला, अख्रिस्ती आणि अनैतिक वर्तन! लेख लिहिला म्हणून! दोषी धरलं, बिशपनं समज दिली, आणि नेमणूक कुठं केली तर पेकिनला. ते गाव असं या गोष्टीत आलं.

पुढं एस्टेस नावाच्या एका माणसानं तोच लेख खटल्याच्या हकीकतीसह पुन्हा छापला. 1858 मध्ये पेरी इथल्या कॉन्फरन्समध्ये रॉबर्ट्सवर परत खटला, की हे तूच छापवलं आणि वाटलं. या खेपेला पाळकपणही काढलं आणि मंडळीच्या सभासदत्वातूनही काढलं. त्याच्यासोबत जोसेफ मॅक्रीरी म्हणून होता त्यालाही. पुढच्या वर्षी आणखी काही पाळक काढले. त्यांनी वरच्या जनरल कॉन्फरन्सकडं अपील केलं, ती मे 1860 मध्ये बफेलो शहरात भरली होती, तिथंही दाद मिळाली नाही. मग तीन महिन्यांनी पेकिनला सुमारे 15 उपदेशक आणि 45 सामान्य सभासद जमले आणि फ्री मेथडिस्ट मंडळी स्थापन केली. तेव्हा तुमचा दुसरा माणूस म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. काढून टाकलं हे खरं. पण दागिने आणि बाजापेटीवरून काढलं हे खरं नाही.

दारव्हा_ताई

गुरुजींनी छान सांगितलं. मी थोडं बाकांबद्दल आणि गुलामगिरीबद्दल लिहिते, कारण मला वाटते खरं दुखणं तिथंच आहे आणि आपल्या मंडळ्यांत तेच कमी सांगितलं जाते.

त्या काळी अमेरिकेत चर्चमधले बाक भाड्यानं द्यायचे किंवा चक्क लिलाव करायचे. पुढच्या बाकाला जास्त पैसे, मागच्याला कमी, घराण्याचा बाक ठरलेला, काही ठिकाणी त्याला छोटं दारसुद्धा. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्यानं मागं, कोपऱ्यात नाहीतर वरच्या माडीवर बसायचं. मेथडिस्टांच्या नियमपुस्तकात मुळात स्पष्ट लिहिलं होतं की प्रार्थनागृहं साधी बांधा आणि बसायच्या जागा मोकळ्या ठेवा. वेस्लीनं त्याचं कारणही देऊन ठेवलं होतं, की इमारतीवर जास्त खर्च केला तर श्रीमंत माणसांची गरज पडेल, मग त्यांच्यावर अवलंबून राहावं लागेल, मग तेच राज्य करतील. 1852 मध्ये जनरल कॉन्फरन्सनं तो नियम ढिला केला, म्हणजे जिथं जमेल तिथं जागा मोकळ्या ठेवा. जिथं जमेल तिथं! एकदा असे शब्द नियमात घुसले की मग कुठंच जमत नाही. रॉबर्ट्स तेव्हा बफेलोसारख्या मोठ्या शहरात पाळक होता, त्यानं हे डोळ्यानं पाहिलं की मजूर माणूस, नवीन आलेला माणूस देवळात पायच ठेवत नाही कारण बसायचं कुठं हा प्रश्न. वेगळं होण्याच्या काही महिने आधी, जानेवारी 1860 पासून, त्यानं अर्नेस्ट ख्रिश्चन नावाचं मासिक काढलं, त्यातही हीच गोष्ट जोरानं मांडली की सुवार्ता गरिबांसाठी आहे तर देवळातली जागाही त्यांच्यासाठी असली पाहिजे.

दुसरं गुलामगिरीचं. वेस्लीनं 1774 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती, मरायच्या काही दिवस आधी 1791 मध्ये इंग्लंडच्या संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सला पत्र लिहिलं की हे काम सोडू नको. 1784 मध्ये बाल्टिमोरला अमेरिकन मेथडिस्टांनीही ठराव केला की सभासदांनी आपले गुलाम मोकळे करावे. पण दक्षिणेतले गुलामांचे मालक नाराज झाले आणि लगेच माघार घेतली. 1843 मध्ये ऑरेंज स्कॉट आणि त्याचे साथी यावरूनच बाहेर पडले, त्यांची वेस्लियन मेथडिस्ट मंडळी. पुढच्या वर्षी 1844 मध्ये सगळी मंडळीच उत्तर आणि दक्षिण अशी दोन झाली. आपल्याला वाटेल की उत्तरेकडची तर गुलामगिरीविरुद्ध असेल, पण सीमेवरच्या राज्यांत तिच्यातही गुलाम बाळगणारे सभासद राहिले आणि त्यांना बाहेर काढायची हिंमत 1864 पर्यंत झाली नाही. रॉबर्ट्स आणि त्याच्या लोकांना हे सहन होत नव्हतं. 1860 मध्ये त्यांनी नियमातच लिहिलं की माणूस विकत घेणं, विकणं, गुलाम म्हणून ठेवणं चालणार नाही. अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं एप्रिल 1861 मध्ये, म्हणजे या लोकांनी हे लिहिलं तेव्हा अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

आणि हे आपल्या वऱ्हाडाशी किती जवळचं आहे पहा. त्याच युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जाणं बंद झालं आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा फुगल्या, 1867 पर्यंत नागपूरपावेतो रेल्वे आली. जो कापूस तिकडं गुलामांच्या हातानं वेचला जात होता त्याच कापसाच्या जागी आपला कापूस गेला. आपण कापसाच्या मुलखातले फ्री मेथडिस्ट आहोत, आपल्याला तर हे पाठ पाहिजे.

बाभूळगाव_वाला

ताई, गुरुजी, लय आभार. मले तर वाटत होतं फ्री म्हणजे कोनाच्या ताब्यात नाही म्हणून फ्री. हे तर बाक मोकळे अन् माणूस मोकळा म्हणून फ्री दिसते. पण आता नवीनच कोडं पडलं जी. बाकाचे पैसे नको, गुलाम नको, हे तर पुढारलेल्या लोकांचं बोलणं वाटते. मंग आपल्याले सगळे कर्मठ, जुन्या वळणाचे काऊन म्हणतात? आमची आजी सांगे की आधी बायांच्या हातात बांगडीसुद्धा चालत नसे म्हणून.

वणी_डायरी

मी ख्रिश्चन नाही भाऊ, पण इतिहासाची आवड आहे म्हणून वाचून रायलो, बोललो तर चालन ना? आमच्याकडं तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेत पाटील असो का मजूर असो, सगळे एकाच सतरंजीवर बसतात, त्यामुळं बाकाचा मुद्दा मले लगेच समजला. बसायच्या जागेवरूनच कळते की कोन आपला कोन परका. मले एक विचारायचं होतं, कुठंतरी वाचलं की हे लोक फ्रीमेसन लॉजच्या, म्हणजे गुप्त शपथ घेणाऱ्या त्या संघटनेच्या, बी विरोधात होते. त्याचा काय संबंध?

दिग्रसचे_गुरुजी

चालते ना भाऊ, बोला. लॉजचा संबंध मोठा आहे. जेनेसी कॉन्फरन्सच्याच भागात बटाव्हिया नावाचं गाव आहे. 1826 मध्ये तिथल्या विल्यम मॉर्गन नावाच्या माणसानं फ्रीमेसनांची गुपितं छापायची तयारी केली आणि तो गायब झाला, परत कोणालाच दिसला नाही. मेसनांनीच मारला असं लोकांनी धरलं, अख्ख्या मुलखात बोंब झाली, त्यातून मेसनविरोधी राजकीय पक्षसुद्धा निघाला. तीस वर्षांनी तेच लॉज पुन्हा जोरात आले आणि पाळकही त्यात सभासद होऊ लागले. रॉबर्ट्सच्या बाजूच्या लोकांची तक्रार अशी की कॉन्फरन्समध्ये कोणाची नेमणूक कुठं आणि कोणाला बाहेर काढायचं हे आधीच आपसात ठरते, खुल्या सभेत फक्त हात वर होतात. म्हणून पहिल्यापासून नियम झाला की गुप्त शपथ घेणाऱ्या संस्थेचा सभासद या मंडळीत राहणार नाही. तो नियम आजही आहे.

यातूनच आणखी एक गोष्ट आली जी मला सर्वात मोलाची वाटते. जुन्या मंडळीत कॉन्फरन्समध्ये मत फक्त पाळकांना. पेकिनला ठरलं की कॉन्फरन्समध्ये जितके पाळक तितकेच सामान्य सभासद, दोघांचं मत सारखं. रॉबर्ट्सला काढल्यावर सामान्य सभासदच उभे झाले होते, डिसेंबर 1858 मध्ये आल्बियनला त्यांनी आपली वेगळी परिषद भरवली आणि सांगितलं की हा निकाल आम्हाला मान्य नाही. त्यांच्याशिवाय ही मंडळी झालीच नसती. आणि बिशप हे पद ठेवलंच नाही, जनरल सुपरिंटेंडंट निवडायचा, चार वर्षांसाठी. पहिला रॉबर्ट्स. बिशप हा शब्द परत आला तो 1907 मध्ये.

आता कर्मठपणाचं. बाभूळगाववाले भाऊ, तुम्ही पुढारलेले आणि कर्मठ असे दोन कप्पे करून राहिले, पण त्या लोकांच्या मनात ते एकच होतं. साधा कपडा घाला का म्हणत? कारण रेशमी कपडे आणि सोन्याची साखळी घालून आलेल्या माणसाशेजारी ठिगळाचा सदरा घातलेला माणूस बसायला लाजते. बाक मोकळा केला आणि अंगावरचा दिखावा तसाच ठेवला तर मोकळा बाक काय कामाचा? आणि दागिन्याचा वाचलेला पैसा गरिबाकडं जावा. वाद्यांचंही तसंच, त्या काळी ऑर्गन म्हणजे महागडी वस्तू, तो वाजवायला पगारी माणूस, गायला पगारी गायक, आणि मंडळी नुसती ऐकून घरी जाते. यांना सगळ्यांच्या गळ्यातून गाणं पाहिजे होतं. म्हणून वाद्यांना 1943 पर्यंत बंदी होती. हे मी समर्थन म्हणून नाही सांगत, पुढच्या पिढ्यांत नुसता नियम राहिला आणि कारण विसरलं, मग बाईच्या अंगठीवरून तिला सभेत बोलायचं पण शेजाऱ्याच्या सावकारीवर गप्प राहायचं असंही झालं, ते वाईटच. पण मूळ कारण गरिबाची लाज राखणं हे होतं, ते पोरांना सांगितलंच पाहिजे.

रॉबर्ट्सचं एक आणखी ऐका, 1870 च्या दशकात तो पश्चिम न्यूयॉर्कमधल्या शेतकऱ्यांची संघटना बांधायच्या कामात होता, रेल्वे कंपन्या मालवाहतुकीचे मनमानी दर लावत होत्या त्याविरुद्ध. पैसा आणि सावकारी यावर त्यानं 1886 मध्ये वेगळं पुस्तकच लिहिलं. यवतमाळच्या शेतकऱ्याला हा माणूस परका वाटायचं कारण नाही.

इतवारी_नागपूर

नमस्कार, मी मेथडिस्ट, त्या मामांच्या बाजूचा समजा. वाचून चांगलं वाटलं, पण दुसरी बाजूही यावी म्हणून लिहितो. जेनेसीतले सगळे पाळक पैशाचे लोभी होते असं नाही. रॉबर्ट्सच्या बाजूच्या कॅम्प सभांमध्ये ओरडणं, पडणं, रात्र रात्र चालणं असं व्हायचं, त्यांना विरोधक नाझराईट म्हणायचे, आणि मॅक्रीरीसारखे लोक बोलायला फार तिखट होते. ज्यांची नावं त्या पत्रकांत यायची त्यांना वाटलं की आपली सार्वजनिक बदनामी होऊन राहिली, घरातलं भांडण छापून वाटायची काय गरज, आधी भावाकडं जाऊन बोलावं हे तर मत्तयाच्या शुभवर्तमानातच आहे. मंडळी मोठी झाली, शहरात आली, शिकलेले लोक आले, त्यांना शांत उपासना पाहिजे होती, हेही समजून घ्यावं.

तरी शिक्षा चुकली हे माझंही मत आहे आणि ते फक्त माझं नाही. रॉबर्ट्स 1893 मध्ये वारला. त्यानंतर 1910 मध्ये त्याच जेनेसी कॉन्फरन्सनं त्याची पाळकपणाची प्रमाणपत्रं त्याच्या मुलाच्या हातात परत दिली. बावन्न वर्षं लागली, पण आमच्या मंडळीनं ते केलं, हेही तुमच्या पोरांना सांगा.

आणि लग्नाचं म्हणाल तर शिकवणीत काही अडत नाही, दोघंही वेस्लीचे, लहान मुलांचा बाप्तिस्मा दोन्हीकडं चालते, प्रभुभोजन तेच. 1970 मध्ये नागपूरलाच ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय झाली, तेव्हा आमच्या मंडळीनंही ऐनवेळी त्यात जायचं नाही असं ठरवलं. वेगळं राहायची सवय आम्हालाही आहे.

दारव्हा_ताई

इतवारी दादांनी 1910 चं सांगितलं ते फार बरं केलं, हे आमच्याकडं कोणी सांगत नाही.

आता आपल्या मुलखात कसे आले ते थोडक्यात. अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे जोडपं जानेवारी 1881 मध्ये मुंबईला उतरलं आणि बऱ्हाणपूरला राहायला गेलं. मंडळीचं परदेशी मिशनचं काम अजून रीतसर लागलंही नव्हतं, पगाराची हमी नाही, स्वतःच्या विश्वासावर आले. पुढं कामाचं मुख्य ठिकाण यवतमाळ झालं. 1896-97 आणि 1899-1900 चे दोन दुष्काळ वऱ्हाडावर आले तेव्हा अनाथ लेकरांना सांभाळायचं काम इथल्या सगळ्याच मिशनांवर पडलं, आपल्याकडच्या कितीतरी घराण्यांची सुरुवात तिथून आहे. मग पांढरकवड्याकडचा उमरीचा दवाखाना, आणि यवतमाळचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, ते 1953 मध्ये सुरू झालं आणि 1983 मध्ये पुण्याला गेलं. एवढ्या लहान गावात देशभरातून पोरं पाळक व्हायला शिकायला येत होती, वेगवेगळ्या मंडळ्यांची एकत्र. त्याचा अभिमान वाटते मला.

शेवटी एक गोष्ट बायांसाठी, कारण भाऊंनी आजीच्या बांगडीचं लिहिलं म्हणून. रॉबर्ट्सचं मत होतं की बायांनाही पाळक म्हणून दीक्षा मिळावी, जशी पुरुषाला तशीच. 1890 च्या जनरल कॉन्फरन्समध्ये हा ठराव त्याच्याच मंडळीनं पाडला. ज्यांनी पाळकांचा मक्ता मोडून सामान्य माणसाला मत दिलं त्याच लोकांनी पाडला! तो गप्प नाही बसला, 1891 मध्ये त्यानं या विषयावर पूर्ण पुस्तक छापलं, बायबलातून एक एक आक्षेप घेऊन उत्तर दिलं, आणि दोन वर्षांनी वारला. मंडळीनं ते मान्य केलं 1974 मध्ये. म्हणून कोणी बुजुर्ग म्हणाले की बाईनं वेदीवर उभं राहणं आपल्या फ्री मेथडिस्ट परंपरेत बसत नाही, तर त्यांना आदरानं सांगा भाऊ, की परंपरा सुरू करणाऱ्या माणसाचंच म्हणणं उलटं होतं. आणि तुमच्या पोरीलाही सांगा, ती आता दोन्ही मंडळ्यांची आहे.